फोन मुलाचं वाचन ऐकतो, चुका मात्र गाळतो

मराठवाड्यातल्या शिक्षकांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मूल वाचायला कसं शिकतं हे कोडं आता यंत्रानं सोडवलंय, असा त्याचा सूर. मोबाईलसमोर एक मिनिट वाचून घ्या, ॲप ९५ टक्के अचूक निदान देतं. दुसरीच्या मुलानं मिनिटाला १०० शब्द वाचलेच पाहिजेत. फोनचा पुढचा कॅमेरा डोळ्यांची हालचाल टिपून दोन मिनिटांत डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन शिकण्यातली खास अडचण, ओळखतो. मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलंय की मूल शब्दाचं चित्र साठवतं, तेव्हा बाराखडी बंद करा. ॲपकडं लाखो मुलांची माहिती आहे, त्यामुळं घरोघर जाऊन केलेल्या पाहण्या आता इतिहासजमा. आणि शेवटी, मोठ्या अक्षरांत: शिक्षकांनी मुलांचं वाचन ऐकत बसायची गरज नाही.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या तरी खऱ्या संशोधनाच्या शेपटाला धरून आलंय, म्हणूनच शहाणीसुरती माणसंही ते पुढं पाठवतात. रेकॉर्डिंग, डोळ्यांचा माग घेणारी यंत्रं, मेंदूची चित्रं या साधनांनी वाचनाबद्दल आपल्याला खरोखर खूप काही कळलंय. पण कोणतं साधन काय मोजतं आणि कुठं फसतं, हे मेसेज लिहिणाऱ्यानं पाहिलेलं दिसत नाही.

“एक मिनिट वाचून घ्या, ॲप अचूक निदान देतं”

बोललेलं लिहून काढणारी प्रणाली आवाजाचे बारीक तुकडे करते, साधारण २५ मिलिसेकंदांचा एक, दर १० मिलिसेकंदांनी. प्रत्येक तुकड्यात कोणता ध्वनी असावा याचा ती अंदाज बांधते. हे अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं भाषेच्या अंदाजाचं: ऐकलेले ध्वनी अर्धवट असतील तर मराठीत इथं कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, ते पाहून ती वाक्य जुळवते. आपण घाईत काहीतरी पुटपुटलो तरी फोन नीट वाक्य लिहितो, ते या दुसऱ्या अर्ध्या कामामुळं. पत्र सांगून लिहून घ्यायचं असेल तर हा गुण आहे. वाचन तपासायचं असेल तर हाच दोष, कारण इथं आपल्याला मुलाच्या चुकाच हव्या असतात आणि प्रणाली त्याच दुरुस्त करून टाकते.

एक उतारा घेऊ, बारा शब्दांचा:

विहिरीत पाणी कमी झालं होतं. शेवंतानं घागर उचलली आणि मळ्याच्या वाटेला लागली.

केजच्या किंवा वसमतच्या एखाद्या खेड्यातलं दुसरीचं मूल तो असा वाचू शकतं:

इहिरीत पानी कमी झालं व्हतं. शेवंतानं घगर उचलली आणि मळाच्या वाटला लागली.

छापील शब्दांशी ताडून पाहिलं तर सहा ठिकाणी फरक आहे. पण ‘इहिरीत’, ‘पानी’ आणि ‘व्हतं’ या वाचनाच्या चुका नाहीत. मुलानं अक्षरं बरोबर उलगडली, शब्द ओळखला आणि तो आपल्या घरच्या बोलीत उच्चारला. उलट असं वाचणाऱ्याला शब्दाचा अर्थ लागलाय याची ती खूणच आहे. अर्थ न कळता अक्षरामागं अक्षर लावणारं मूल बऱ्याचदा ‘विहिरीत’ असंच, पुस्तकी वाचतं. खऱ्या चुका उरतात तीन. ‘घगर’मध्ये काना सुटला, ‘मळाच्या’मध्ये जोडाक्षर फुटलं, ‘वाटला’मध्ये मात्रा सुटली. जाणत्या कानाचा हिशेब १२ पैकी ९.

आता यंत्र. छापील शब्दाशी जुळलं नाही ते चूक, एवढाच नियम बसवला असेल तर ते १२ पैकी ६ देईल. भाषेचा अंदाज जोरकस असेल, किंवा उतारा आधीच प्रणालीत भरून ठेवलेला असेल, तर ते ‘घगर’चं ‘घागर’ करील, ‘मळाच्या’चं ‘मळ्याच्या’ करील, बोलीतले तिन्ही शब्द प्रमाण मराठीत बसवील आणि ११ देईल. अडखळेल ते ‘वाटला’पाशी, कारण हा मराठीतला वेगळा धड शब्द आहे, तिथंही पुढच्या-मागच्या शब्दांवर जास्त भार टाकला तर १२ पैकी १२. मूल तेच, वाचन तेच, आणि गुण सहा, नऊ किंवा बारा. ॲपवाल्यानं सेटिंग काय ठेवलं यावर मुलाचं निदान ठरणार असेल तर त्याला निदान म्हणू नये.

दुसरी अडचण आवाजाची. प्रौढ पुरुषाच्या आवाजाची मूळ कंपनसंख्या सरासरी १२० हर्ट्झच्या आसपास असते, बाईची २१०च्या, सहा-सात वर्षांच्या मुलाची २५० ते ३००च्या दरम्यान. लहान मुलाचा घसा-तोंडाचा पोकळ मार्ग आखूड असतो, त्यामुळं स्वर ज्यांवरून ओळखू येतात ते कंपनांचे पट्टेही वर सरकतात. प्रणाली मुख्यतः मोठ्यांच्या आवाजावर शिकवलेली असते. मुलाच्या तोंडचे ए आणि इ, ओ आणि उ तिला सहज एकमेकांत मिसळलेले वाटतात, आणि मराठीत मात्रा-वेलांटीच्या चुका नेमक्या याच स्वरांच्या असतात.

तिसरी शांततेची. बोलणं संपलं का हे ओळखायला बहुतेक प्रणाली शांतता मोजतात आणि सेकंद-दोन सेकंदांत रेकॉर्डिंग तोडतात. नवशिकं मूल ‘मळ्याच्या’पाशी तीन सेकंद थांबतं, ओठ हलवतं, मग बोलतं. तोवर यंत्रानं दुकान बंद केलेलं असतं. काही मुलं ‘घा… गर… घागर’ असं जोडत जातात. ही स्वतःहून केलेली दुरुस्ती वाचन शिकण्याचं फार चांगलं लक्षण, पण यंत्राच्या हिशेबात दोन जादा शब्द आणि एक बरोबर. वर पत्र्याचं छप्पर, खडखडणारा पंखा, शेजारच्या वर्गात पाढे. फोन गोंगाट कमी करायला जातो तेव्हा त्याबरोबर स, श, फ, ख यांचे हलके भागही पुसतो.

मग अशी प्रणाली निरुपयोगी का? मुळीच नाही. मुलानं प्रत्यक्षात काय वाचलं ते माणसानं ऐकून चुकांसकट लिहून दिलं, की तो मजकूर रेकॉर्डिंगवर बसवून प्रत्येक शब्द कुठं सुरू झाला आणि कुठं संपला हे यंत्र झटपट सांगतं. हाती हे काम करायला एका मिनिटाच्या वाचनाला अर्धा-पाऊण तास सहज जातो. आम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेलं ‘प्राट’ हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी जगभर वापरतात. पडद्यावर ध्वनीलहर दिसते, तिच्याखाली शब्दांची पट्टी. पाव सेकंदाहून मोठे विराम वेगळे काढले की मूल जोडाक्षरापाशी थांबतं की वाक्याच्या शेवटी, हे उघड दिसतं. हे थांबे एकूण गुणांपेक्षा शिक्षकाला जास्त उपयोगी.

“दुसरीच्या मुलाला मिनिटाला १०० शब्द आलेच पाहिजेत”

हा आकडा हॅसब्रूक आणि टिंडल या अमेरिकी संशोधकांच्या २०१७च्या तक्त्यातला आहे. अमेरिकेतली, इंग्रजी वाचणारी मुलं: पहिलीच्या अखेरीस ६०, दुसरीच्या अखेरीस १००, तिसरीच्या अखेरीस ११२ अचूक शब्द. आणि हे आकडे मध्यांक आहेत. म्हणजे व्याख्येनुसारच अमेरिकेतली निम्मी मुलं त्याखाली असतात. तिथली निम्मी मुलं जिथं पोचत नाहीत तो आकडा औंढा नागनाथच्या मुलासाठी ‘आलाच पाहिजे’ कसा होतो, हे मेसेजवाल्यालाच विचारायला हवं.

शब्द मोजणं मराठीत आणखी एका कारणानं फसवं. ‘बैल उभा आहे’ हे तीन शब्द, अक्षरं सहा. ‘चाराछावण्यांमधल्या जनावरांसाठी’ हे दोन शब्द, अक्षरं चौदा, त्यांत दोन जोडाक्षरं, त्यातल्या एकावर अनुस्वार. पहिल्या धाटणीच्या उताऱ्यात मिनिटाला साठ शब्द वाचणारं मूल दुसऱ्या धाटणीच्या उताऱ्यात वीसच्या आत येईल आणि त्याच्या वाचनात काडीचाही फरक पडलेला नसेल. म्हणून मराठीचा अभ्यास करताना शब्दांसोबत अक्षरंही मोजावीत: मिनिटाला किती अक्षरं बरोबर. दोन उतारे तोलताना एकूण अक्षरं, जोडाक्षरांची संख्या, रफार आणि ‘वाऱ्यावर’मधल्यासारखा ऱ्य किती वेळा येतो, हे चार रकाने भरले तरी बरीच फसवणूक टळते.

केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं, त्यात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीसाठी किमान ६० शब्दांचं लक्ष्य आहे; मात्र ‘समजून वाचणं’ ही अट त्याला जोडलेली आहे, आणि मेसेजमध्ये नेमकी तीच गळाली. एनसीईआरटीनं २०२२ मध्ये तिसरीच्या सुमारे ८६ हजार मुलांची एकेकाला समोर बसवून पाहणी केली, २० भाषांत. तेव्हा प्रत्येक भाषेसाठी पातळ्या वेगळ्या ठरवल्या. एकच आकडा सगळ्या लिप्यांना लावता येत नाही, हे सरकारी पाहणीनंही मान्य केलेलं आहे.

आणि एका मिनिटाचं एकच वाचन डळमळीत असतं. इंग्रजी चाचण्यांच्या अभ्यासांत त्यातली मापनाची त्रुटी मिनिटाला दहा शब्दांच्या घरात निघालेली आहे. जूनमध्ये ४२ आणि ऑगस्टमध्ये ४९ आले म्हणजे मूल सुधारलं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तीन उतारे घ्या आणि मधला आकडा धरा.

“कॅमेरा डोळे पाहून दोन मिनिटांत डिस्लेक्सिया ओळखतो”

वाचताना डोळे ओळीवरून सरकत जात नाहीत. ते एका जागी थांबतात, मग झटक्यात पुढच्या जागी उडी मारतात. सरावलेल्या प्रौढ वाचकाचा थांबा साधारण २०० ते २५० मिलिसेकंदांचा, उडी २० ते ४० मिलिसेकंदांची. दर शंभर उड्यांत दहा-पंधरा मागं, आधी वाचलेल्याकडं. नवशिक्या मुलांचे थांबे लांब, उड्या आखूड आणि मागं जाणं जास्त. इथवर मेसेज बरोबर आहे.

आता फोनचा हिशेब करू. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणजे दर ३३ मिलिसेकंदांनी एक. एक अख्खी उडी दोन चित्रांच्या मधे मावते. थांबा कसाबसा सहा-सात चित्रांत सापडेल, पण खरा प्रश्न नजर कुठं होती याचा आहे. साध्या कॅमेऱ्यावरून नजरेची जागा काढणाऱ्या प्रणालींची चूक चार अंशांच्या आसपास जाते. फोन ३५ सेंटिमीटरवर धरला तर एक अंश म्हणजे ६ मिलिमीटर, चार अंश म्हणजे २४. अठरा पॉइंटच्या छपाईत एक अक्षर पाचेक मिलिमीटर रुंद असतं आणि दोन ओळींत साधारण एक सेंटिमीटर अंतर. थोडक्यात, मूल कोणता शब्द पाहतंय हे सोडा, कोणती ओळ पाहतंय हेसुद्धा फोनला सांगता येत नाही.

प्रयोगशाळेतलं यंत्र अवरक्त प्रकाश डोळ्यावर टाकतं, सेकंदाला हजार वेळा मोजतं, हनुवटी टेकवायला आधार असतो, चूक अर्ध्या अंशाच्या आत. तरीही प्रत्येक मुलाला आधी पाच किंवा नऊ ठिपके दाखवून यंत्र जुळवावं लागतं, जुळणी तपासावी लागते, आणि दर पानाआधी ती सरकली का ते पाहावं लागतं. मूल खुर्चीत जरा घसरलं की सगळी नजर एक ओळ खाली दिसते. खिडकीतून थेट ऊन आलं तर त्यातला अवरक्त प्रकाश यंत्राला दिपवतो. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे काजळ: यंत्र डोळ्यातला सगळ्यात काळा गोळा म्हणजे बाहुली असं धरून चालतं, आणि दाट काजळाची कड त्याला बाहुली वाटते. तपासणीच्या दिवशी काजळ नको, हा निरोप आदल्या दिवशीच घरी गेलेला बरा.

यापेक्षा मोठी चूक कार्यकारणाची आहे. मुलाचे डोळे वारंवार मागं जातात म्हणून त्याला वाचता येत नाही, असं नाही. शब्द उलगडत नाही म्हणून डोळे मागं जातात. प्रौढ वाचकाला अनोळखी लिपीतला किंवा अवघड विषयाचा मजकूर द्या, त्याचेही डोळे तसेच मागं-पुढं करू लागतात. कीथ रेनर यांच्यासारख्या संशोधकांनी दशकानुदशकं हेच दाखवलं. त्यामुळं ‘डोळ्यांचे व्यायाम करून वाचन सुधारा’ ही याच मेसेजची जुळी आवृत्तीही केराच्या टोपलीत टाकावी.

९५ टक्क्यांचं गणितही करून पाहा. समजा हजार मुलांत ५० जणांना खरोखर ही अडचण आहे आणि यंत्र दोन्ही बाजूंनी ९५ टक्के अचूक आहे. पन्नासांतली साधारण ४८ ते पकडील. उरलेल्या ९५० निरोगी मुलांतल्या पाच टक्क्यांवर, म्हणजे आणखी ४८ जणांवर, ते उगाच शिक्का मारील. शिक्का बसलेल्यांतलं दर दुसरं मूल चुकीचं. आणि काहीही न तपासता सगळ्यांना ‘ठीक’ म्हणणारं ॲपही याच हजारांत ९५ टक्के अचूक ठरतं! नुसती अचूकता सांगणाऱ्याला हे दोन आकडे विचारा: खऱ्या अडचणीतली किती पकडली, आणि निरोगी किती वगळली.

दिव्यांग हक्क कायद्यात (२०१६) विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे (डिस्लेक्सिया तिचाच प्रकार), आणि त्याखालच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत प्राथमिक चाळणीची वेळ तिसरी किंवा वयाची आठ वर्षं अशी दिलेली होती. त्याआधी ‘वाचता येत नाही’ याची शंभर साधी कारणं असू शकतात: शाळा बुडणं, कमी ऐकू येणं, चष्म्याची गरज, घरची भाषा वेगळी असणं. बालवाडीतल्या मुलावर फोननं डिस्लेक्सियाचा शिक्का मारणं याला आमच्या मते सरळ बेजबाबदारपणा म्हणावं.

“मेंदू शब्दाचं चित्र साठवतो, बाराखडी बंद करा”

थोडक्यात आटोपू. डाव्या मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात छापील शब्दांना खास प्रतिसाद देणारी एक जागा आहे. स्तानिस्लास दहान आणि लॉरां कोएन या फ्रेंच संशोधकांच्या कामामुळं ती प्रसिद्ध झाली. पण इंग्रजीतला तोच शब्द मोठ्या आणि लहान लिपीत दाखवला, आकार पार बदलला, तरी ती जागा त्यांना एकच शब्द मानते. चित्र साठवलं असतं तर हे जमलं नसतं. खरं तर उलट घडतं: अक्षरं ओळखण्याचा सराव इतका पक्का होतो की शब्द एका झटक्यात दिसल्यासारखा वाटतो.

स्कॅन कसा घेतात तेही पाहा. दर एक-दोन सेकंदांनी एक चित्र, रक्तप्रवाहाचा प्रतिसाद पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचतो, डोकं दोन-तीन मिलिमीटर हललं तरी माहिती बाद. शब्दावरचा डोळ्याचा थांबा पाव सेकंदाचा. निष्कर्ष निघतात ते गटाच्या सरासरीचे, एका मुलाचे नव्हेत. देवनागरीवर असं काम झालेलं आहे: लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने वाचायला शिकवून आधीची आणि नंतरची चित्रं ताडली गेली, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मोठेपणी शिकूनही मेंदूची दृष्टिव्यवस्था खोलवर बदलते, असं त्यातून दिसलं. बाराखडी शिकवावी की नाही, हा त्याचा विषयच नव्हता.

आपल्या लिपीबद्दल उपयोगाचं काही हवं असेल तर ते साध्या साधनानं मिळालंय. शब्द पडद्यावर आल्यापासून वाचक तोंड उघडेपर्यंत किती मिलिसेकंद गेले, एवढंच मोजायचं. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर हे करून पाहिलं. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते आणि बोलताना नंतर; अशा शब्दांना जास्त वेळ लागतो असं त्यांना आढळलं. पहिलीत ‘कि’ आणि ‘की’ एकाच दिवशी फळ्यावर लिहिणाऱ्यांनी एवढं जरी लक्षात घेतलं तरी बरंच. सोनाली नाग यांच्या कन्नडवरच्या अभ्यासातून दिसलं की आपल्यासारख्या लिपीत अक्षरांचा अख्खा संच पक्का व्हायला इंग्रजीच्या वर्णमालेपेक्षा कितीतरी जास्त काळ लागतो. बाराखडी ‘बंद’ करण्यापेक्षा ती कोणत्या क्रमानं आणि किती दिवसांत, हा प्रश्न जास्त कामाचा.

“लाखो मुलांची माहिती आहे, पाहण्यांची गरज नाही”

लाखो कुणाची? ज्या घरात स्मार्टफोन दिवसा घरी असतो आणि रिचार्ज संपलेलं नसतं, त्या मुलांची. शिवाय एका खात्यावर थोरली बहीण, धाकटा भाऊ आणि कधीकधी कौतुकानं आजोबाही वाचतात.

मराठवाड्यात याहून मोठा खड्डा ऊसतोडीचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणीकडून कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, निघतात ते मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृहं किंवा आजी-आजोबा यांच्याकडं काही मुलं मागं राहतात, बाकीची फडावर. आता वर्गाचा हिशेब करा. पटावर २० मुलं, त्यातली १२ जण मिनिटाला ५० शब्द वाचतात, ८ जण २०. सरासरी ३८. ही आठ मुलं आई-बापांसोबत गेली की जानेवारीत वर्गाची सरासरी ५०. आलेख बारा शब्दांनी वर, ॲपवर हिरवा बाण, आणि एकाही मुलाचं वाचन एका शब्दानंही सुधारलेलं नाही. लाख मुलांची माहिती असली तरी ही चूक लाखपटीनं तशीच राहते.

म्हणूनच ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ ही मुलांच्या शिक्षणाची पाहणी २००५ पासून शाळेत न जाता घरी जाते. तिचं साधन कागदाचं आहे: अक्षरं, शब्द, सोपा उतारा, गोष्ट. घड्याळ नाही. तिच्यातून कोणत्या मुलाला नेमकं काय अडलं ते कळत नाही, हे खरं. पण गावात कोण वाचू शकत नाही हे कळतं, आणि ॲपच्या यादीत तीच मुलं नसतात. मूल शिकतं कसं हे पाहायचं तर तीच मुलं वर्षानुवर्षं पाहावी लागतात. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात मराठीवर आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नडवर पहिली ते तिसरीच्या मुलांचा असा तीन वर्षांचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. यादगीर तर आपल्यापासून फार लांब नाही. तसं काम किनवटच्या गोंडी-कोलामी घरांत, देगलूर-बिलोलीच्या तेलुगू घरांत किंवा कुठल्याही तांड्यावर करायचं तर मुलाची घरची भाषा हा पहिला रकाना हवा. बहुतेक ॲप तो विचारतच नाहीत.

ऊसतोडीच्या गावात तुलना करताना नियम एकच ठेवा: ज्या मुलांच्या दोन्ही वेळच्या नोंदी आहेत त्यांचीच तुलना, आणि गेलेल्या मुलांच्या रकान्यात शून्य न टाकता ‘स्थलांतर’ असं कारण.

“शिक्षकांनी ऐकायची गरज नाही”

पंचवीस मुलं, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे शंभर मिनिटं. दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाला एका दिवसात हे जमत नाही, ही तक्रार रास्त आहे. फोनचा खरा उपयोग इथंच: ऐकणं पुढं ढकलता येतं आणि पुन्हा ऐकता येतं. ते असं करावं.

उतारा न पाहिलेला हवा. पाठ्यपुस्तकातला धडा मुलं डोळे मिटून म्हणतात. शंका आली तर तिसरं वाक्य आधी वाचायला सांगा, पाठांतर तिथंच उघडं पडतं. दुसरीसाठी ४० ते ५० शब्द, अक्षरं मोजून तोललेले तीन उतारे, प्रत्येकाखाली अर्थाचे चार-पाच प्रश्न. त्याशिवाय दहा निरर्थक शब्द, उदाहरणार्थ ‘नेळप’, ‘बिशोरा’, ‘टूमक’. अंदाजानं वाचणारं मूल यांच्यापाशी थांबतं. हे शब्द गावातल्या कुठल्याही भाषेत काही अर्थाचे नाहीत ना, ते आधी विचारून घ्या, नाहीतर वर्ग हसत सुटतो.

फोन विमान मोडवर, मुलाच्या तोंडापासून एका वितीवर, टेबलावर न ठेवता घडी केलेल्या फडक्यावर. टेबल हललं की ठोका रेकॉर्ड होतो. वायरचा हेडफोन-माईक असेल तर उत्तम. रेकॉर्डिंग ॲपमध्ये १६ किलोहर्ट्झ, मोनो, डब्ल्यूएव्ही असं निवडा. एका मिनिटाला दोन एमबीच्या आसपास जागा लागते. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवलेली फाईल नुसतं ऐकायला चालेल, विराम किंवा स, श तपासायला नको, दाबताना बारकावे जातात. पहिल्या मुलाचं रेकॉर्डिंग लगेच ऐकून पाहा. सगळा वर्ग संपल्यावर माईक बंद होता हे कळण्यात अर्थ नाही.

मूल एखाद्या शब्दावर तीन सेकंद अडलं तर ‘पुढचा वाच’ म्हणा, शब्द सांगू नका. अख्ख्या पहिल्या ओळीत एकही शब्द आला नाही तर तिथंच थांबवा, मिनिटभर ताटकळत ठेवू नका. ऐकताना छापील उताऱ्यावर खुणा करा: सुटलेला काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर, रफार, अनुस्वार, यांना प्रत्येकी वेगळं अक्षर. स्वतःहून केलेली दुरुस्ती बरोबर धरा. बोलीतला उच्चार बरोबर, पण त्याची यादी सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवा: ण-न, व्ह-ह, वि-इ, वे-ये. शब्दाच्या शेवटच्या ऱ्हस्व-दीर्घाला गुण कापू नका, आपण कुणीच तो फरक बोलताना करत नाही.

दर पाचातलं एक रेकॉर्डिंग दुसऱ्या शिक्षकानं पहिल्याच्या खुणा न पाहता तपासावं. शब्दागणिक बरोबर-चूक ताडून दहात नऊ वेळा एकमत झालं नाही तर गुण जाहीर करू नका, नियम पुन्हा लिहा. बहुतेकदा भांडण बोलीच्या यादीवरूनच निघतं.

फाईलला मुलाचं नाव देऊ नका, आकडा द्या, आणि नाव-आकड्याची वही वेगळ्या कपाटात. आवाज ही ओळख पटवणारी माहिती आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतली व्यक्ती मूल धरलेली आहे आणि तिची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. मेसेजमधली लिंक उघडून परस्पर तीस मुलांचे आवाज कुठल्या तरी सर्व्हरवर चढवणं यात बसत नाही. परवानगीचा कागद सोप्या मराठीत असावा, रेकॉर्डिंग कोण ऐकणार आणि कधी पुसणार ही तारीख त्यावर असावी, आणि जिथं घरात गोरमाटी (बंजारा) किंवा तेलुगू बोलतात तिथं तो तोंडी समजावून सांगावा. आईनं सही केली आणि मूल ‘नगं’ म्हणालं, तर त्या दिवशी रेकॉर्डिंग करायचं नाही.